बसची फेरी आणि घरची मिळकत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बसभाडं वाढलं की चार दिवस ओरड होते आणि मेट्रोचं उद्घाटन झालं की चार दिवस कौतुक. मधल्या काळात गाडी येते का, किती वाजता येते आणि ती चुकली तर कोणाचं काय बुडतं, यावर फार कोणी बोलत नाही. सार्वजनिक वाहतुकीच्या धोरणाचा गरीब कुटुंबांच्या मिळकतीशी काय संबंध आहे, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

गरिबी कमी पगारामुळे असते. त्यात बसचा काय संबंध?

पगार कमी असतोच. पण कोणत्या पगाराच्या कामापर्यंत आपण पोहोचू शकतो, हे ठरवण्यात बसचा मोठा हात असतो. वाहतुकीचं नियोजन करणारे यासाठी एक साधं माप वापरतात. घरातून निघून तासाभरात परवडणाऱ्या साधनाने किती नोकऱ्या गाठता येतात, ते मोजायचं. याला ‘पोहोच’ म्हणतात.

सारखंच शिक्षण आणि सारखाच हात असलेले दोन वेल्डर घ्या. एकाच्या तासाभराच्या पोहोचीत चाळीस कारखाने आहेत, दुसऱ्याच्या पोहोचीत तीन. दुसऱ्याला काम मिळेलही, पण मालकाला ठाऊक असतं की हा सोडून कुठे जाणार नाही. पगारवाढ मागताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो. बेरोजगारीच्या आकड्यात हा माणूस दिसत नाही, कारण तो कामावर आहे. आहे त्या जागीच तो वर्षानुवर्षं राहतो, एवढंच.

‘आर्थिक गतिशीलता’ हा जड शब्द याच्यासाठीच आहे: आज खाली असलेलं कुटुंब दहा-वीस वर्षांत, किंवा पुढच्या पिढीत, वर सरकतं का?

हे सगळं ऐकायला पटतं. पुरावा काय?

पुरावा जुना आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात मोठी दंगल उसळली. कारणं शोधायला नेमलेल्या मॅकोन आयोगाने पोलीस, शाळा आणि रोजगार यांच्याबरोबर अपुऱ्या नि महागड्या बससेवेवरही बोट ठेवलं. त्या वस्तीतल्या माणसाला गाडीशिवाय शहराच्या दुसऱ्या टोकाचं काम गाठणं जवळपास अशक्य होतं. १९६८ मध्ये अर्थतज्ज्ञ जॉन केन यांनी शिकागो आणि डेट्रॉइटची आकडेवारी घेऊन मांडणी केली की नोकऱ्या उपनगरांकडे सरकल्या, घरांच्या बाबतीतल्या वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय कुटुंबं शहरातच अडकून पडली आणि या अंतरामुळे त्यांचा रोजगार घटला.

२०१४ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोट्यवधी कुटुंबांच्या करनोंदी तपासल्या. ज्या भागांत जास्त लोक कामावर थोडक्या वेळात पोहोचतात, तिथे गरीब घरातली मुलं मोठेपणी वर सरकण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. मात्र हा सहसंबंध आहे. प्रवास लांब असलेले भाग बहुतेक वेळा विस्कळीत पसरलेले आणि वर्गानुसार तुटलेलेही असतात, त्यामुळे सगळं श्रेय बसला देणं घाईचं ठरेल.

कार्यकारण तपासायचं तर प्रयोग लागतो. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबामध्ये शहराच्या कडेला राहणाऱ्या बेरोजगार तरुणांना काम शोधण्यासाठी शहरात येण्याचं बसभाडं देण्यात आलं. कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. ज्यांना भाडं मिळालं त्यांनी काम जास्त नेटाने शोधलं, मिळेल ती हंगामी मजुरी कमी धरली आणि त्यांच्यात कायम नोकरी लागण्याचं प्रमाण वाढलं. त्याच शहरातल्या पुढच्या एका अभ्यासात काही वर्षांनी पाहिलं तर बसभाड्याचा परिणाम विरून गेला होता. अर्ज आणि मुलाखतीचं प्रशिक्षण मिळालेल्यांची कमाई मात्र टिकून वाढलेली होती. म्हणजे भाड्याची मदत दार उघडते, आत काय घडेल ते इतर गोष्टींवर ठरतं. वाहतुकीला जादूची कांडी समजणाऱ्यांनी हा दुसरा अभ्यास आधी वाचावा.

भाडं परवडत नाही, हीच मुख्य अडचण ना?

अनेकांसाठी आहे. पण माझं मत विचाराल तर गरीब माणूस सर्वांत जास्त भाडं वेळेत भरतो आणि ते कोणत्याच हिशोबात धरलं जात नाही.

एक सफाई कामगार बाई डोळ्यांसमोर आणा. सकाळी ६ ला हजेरी. दोन बस लागतात, दोन्ही दर अर्ध्या तासाने. वेळापत्रकाप्रमाणे ५ ची पहिली बस ५:२५ ला चौकात सोडते, तिथून ५:३० ची दुसरी बस ५:५० ला कामाच्या दारात. कागदावर छान जमतं. पण पहिली बस आठवड्यातून दोनदा तरी सात-आठ मिनिटं उशिरा येते. मग दुसरी डोळ्यांदेखत निघून जाते, पुढची ६ ची, पोहोचायला ६:२० आणि अर्ध्या दिवसाची पगारकपात. असं दोन-तीनदा झालं की मुकादम नाव लक्षात ठेवतो.

म्हणून ती ४:३० ची बस धरते. ५:२० ला पोहोचते. फाटक पावणेसहाला उघडतं, तोवर ती पायरीवर बसून असते. ज्या अर्ध्या तासात झोप झाली असती, मुलाचा डबा झाला असता, तो अर्धा तास त्या पायरीवर जातो. महिन्याचे २६ दिवस धरले तर १३ तास, म्हणजे दीड दिवसाहून जास्त काम, बिनपगारी. परिवहन खात्याच्या नोंदीत मात्र ही वेळेवर पोहोचलेली प्रवासी आहे.

आता फक्त दुसरी बस दर दहा मिनिटांनी करा. ५ ची पहिली बस सात मिनिटं उशिरा आली, तरी ५:४० ची दुसरी मिळते आणि ६ ला हजेरी लागते. भाड्यात एक पैसाही न बदलता तिचा अर्धा तास परत आला. वक्तशीरपणा आणि फेऱ्यांची संख्या यांना मी भाड्याच्या आधी ठेवतो, ते यामुळे.

मग प्रवास मोफत केल्याने काहीच होत नाही का?

होतं, पण काय होतं ते नीट पाहावं. एस्टोनियातल्या तालिन शहराने २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना शहरी वाहतूक मोफत केली. प्रवासी वाढले. पण वाढीतला मोठा वाटा आधी पायी जाणाऱ्यांचा निघाला आणि रोजगाराच्या संधी वाढल्याचं अभ्यासकांना दिसलं नाही. तालिनमध्ये तिकीट आधीच अनुदानित होतं आणि सेवा चांगली होती, हेही लक्षात घ्यायला हवं. लक्झेंबर्गने मार्च २०२० पासून देशभर सार्वजनिक वाहतूक मोफत केली; तो श्रीमंत देश आहे आणि तिकिटांतून येणारं उत्पन्न खर्चाच्या मानाने थोडंच होतं. त्याची नक्कल करण्याआधी आपल्या आगारात गाड्या किती आहेत ते मोजलेलं बरं.

माझी कसोटी साधी आहे. मोफत प्रवासासाठीचा पैसा वेगळा आला तर स्वागत. तोच पैसा गाड्यांच्या दुरुस्तीतून आणि फेऱ्यांतून कापला जाणार असेल, तर गरिबाला मोफत पण न येणारी बस मिळते.

महिलांच्या मोफत प्रवासाचा हिशोब मात्र निराळा आहे. दिल्लीने २०१९ मध्ये, तामिळनाडूने २०२१ मध्ये साध्या शहरी बसमध्ये आणि कर्नाटकाने २०२३ मध्ये ‘शक्ती’ योजनेतून तो सुरू केला. घरात पैसा असला तरी तो बाईच्या हातात असतोच असं नाही. प्रत्येक फेरीसाठी हात पसरायचा, कशाला जायचंय ते सांगायचं, ही अट गळून पडते. ‘एवढी गर्दी कशाला वाढवता’ ही तक्रार खरी असू शकते; तिचं उत्तर गाड्या वाढवणं हे आहे.

मासिक पास स्वस्त पडतो हे माहीत असूनही लोक रोज सुटी तिकिटं का काढतात?

कारण एक तारखेला एकरकमी पैसे हातात नसतात. रोजंदारीवर जगणाऱ्याला पुढचे २६ दिवस काम लागेल की १४, हेच ठाऊक नसतं. पास काढायचा आणि काम लागलं नाही तर पैसे वाया. म्हणून तो रोज पूर्ण दराने जातो आणि महिनाअखेर पगारदारापेक्षा जास्त भरतो. सवलत त्यालाच मिळते, ज्याच्याकडे आगाऊ पैसे आहेत.

यावर लंडनने काढलेला तोडगा मला आवडतो. तिथल्या ऑयस्टर कार्डावर २००५ पासून दिवसाची कमाल मर्यादा आली. सुटे सुटे प्रवास करत राहा. एकूण भाडं ठराविक रकमेला टेकलं की पुढचे प्रवास फुकट. पुढे आठवड्याची मर्यादाही आली. पास आगाऊ विकत घ्यावा लागत नाही, वापरता वापरता तो आपोआप मिळतो.

दुसरी कात्री गाडी बदलण्याची. दोन बस म्हणजे दोन तिकिटं असं असेल तर लांब राहणारा, म्हणजे बहुधा गरीबच, दुप्पट भरतो. ब्राझीलमधल्या साओ पाउलोने २००४ मध्ये ‘बिल्येते उनिको’ हे कार्ड आणलं आणि ठरावीक तासांच्या आत एकाच भाड्यात बस बदलण्याची मुभा दिली. मार्ग एकही नवा आखला नाही, तरी शहराची लांबची कड एका झटक्यात स्वस्त झाली.

सवलत सगळ्यांना द्यावी की फक्त गरिबांना?

कोलंबियाची राजधानी बोगोटाने २०१४ मध्ये राष्ट्रीय कल्याण योजनांसाठी बनवलेल्या ‘सिस्बेन’ यादीच्या आधारे गरीब प्रवाशांना भाड्यात सूट द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीने (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) २०१५ मध्ये ‘ऑर्का लिफ्ट’ कार्ड काढलं. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांना कमी भाडं. हेतू चांगला आहे आणि पैसा नेमका जातो.

अडचण दाखल्याची येते. उत्पन्नाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, दर काही महिन्यांनी नूतनीकरण आणि ती खिडकी उघडी असते कामाच्याच वेळात. सूट मिळवायला दोन दिवसांची मजुरी बुडत असेल तर हिशोब जमत नाही. ज्या सरकारी यादीत नाव आधीच आहे, तिच्यावरून सवलत आपोआप कार्डावर यायला हवी. अर्ज भरून घेणारी प्रत्येक योजना सर्वांत गरीब माणसाला गाळत जाते, हा अनुभव वाहतुकीपुरता नाही.

मालकाने प्रवासखर्च का देऊ नये?

काही देशांत देतात. ब्राझीलमध्ये १९८५ च्या कायद्याने ‘वाले-ट्रान्सपोर्त’ आलं: कामावर येण्याजाण्याचा खर्च मूळ पगाराच्या ६ टक्क्यांपलीकडे गेला तर वरचा भार मालकाचा. फ्रान्सने १९७१ मध्ये पॅरिस परिसरात आस्थापनांच्या पगारखर्चावर वाहतूक कर लावला, नंतर तो इतर शहरांत पसरला आणि त्यातून सेवा चालवली जाते.

दोन्हींतला फरक मोलाचा आहे. ब्राझीलची सोय नोंदलेल्या कामगाराला मिळते; गाडीवर भाजी विकणारा किंवा घरोघरी काम करणारी नोंद नसलेली बाई तिच्याबाहेर राहते. शिवाय लांबून येणारा उमेदवार मालकाला महाग पडतो, तेव्हा जवळचाच निवडण्याचा मोह होतो. फ्रान्सच्या पद्धतीत पैसा सेवेत जातो आणि ती सेवा कोणीही वापरू शकतो. मला ती जास्त पटते.

मेट्रो चांगली की बस?

प्रश्न असा विचारला की भांडण ठरलेलं. आधी हे पाहावं, की एकाचा पैसा दुसऱ्यातून निघतोय का?

लॉस एंजेलिसमध्ये १९९४ मध्ये नेमकं हेच झालं. एकीकडे रेल्वेमार्गांवर प्रचंड खर्च चालू होता आणि दुसरीकडे वाहतूक प्राधिकरणाने बसभाडं वाढवण्याचा आणि मासिक पास बंद करण्याचा निर्णय घेतला. बसने जाणारे बहुतांश गरीब, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय. ‘बस रायडर्स युनियन’ आणि इतर संघटना नागरी हक्कांच्या कायद्याखाली न्यायालयात गेल्या. १९९६ मध्ये तडजोड झाली. पुढची दहा वर्षं भाड्यावर लगाम, पास कायम आणि गर्दी कमी करायला जादा बस, हे प्राधिकरणाला मान्य करावं लागलं.

उलट उदाहरण कोलंबियातल्या मेडेलिनचं. तिथे मेट्रो दरीतून धावते आणि गरीब वस्त्या डोंगरउतारावर. २००४ मध्ये सान्तो दोमिंगो भागापर्यंत रोप-वे बांधून तो मेट्रो स्थानकाला जोडला. पर्यटकांसाठी असलेलं साधन रोजच्या कामावर जाणाऱ्यांसाठी वापरलं गेलं. अभ्यासकांना त्या वस्त्यांत हिंसाचार इतरांपेक्षा जास्त घटलेला आढळला. पण रोप-वे एकटा आला नव्हता. त्याच सुमारास शाळा, वाचनालयं, पायवाटा यांच्यावरही तिथे खर्च झाला. फक्त दोऱ्याला लटकवलेल्या पाळण्यांचे फोटो पाहून इतर शहरं भुलतात आणि बाकीची यादी विसरतात.

मेट्रो खूप माणसं खूप लवकर नेते, याबद्दल वाद नाही. मात्र जो माणूस मेट्रोच्या स्थानकापासून तीन किलोमीटरवर राहतो आणि ज्याचं काम दुसऱ्या स्थानकापासून चार किलोमीटरवर आहे, त्याचा प्रवास त्या सात किलोमीटरांवर ठरतो. तिथे बस नसेल तर बाकीचा वेग त्याच्या काय कामाचा?

चांगली सेवा आली की घरभाडी वाढतात आणि गरीबच बाहेर फेकले जातात. मग फायदा कोणाचा?

ही भीती खरी आहे. स्थानक जाहीर झाल्यापासूनच जमिनीचे दर हलू लागतात. जागेचा मालक काही न करता श्रीमंत होतो आणि भाडेकरू पुढच्या करारात आणखी लांब जातो, जिथे बस पुन्हा अर्ध्या तासाने आहे.

उपाय आहेत, मात्र ते आधी करावे लागतात. स्थानकाजवळची सरकारी जमीन विकण्याऐवजी परवडणाऱ्या घरांसाठी राखायची, वाढलेल्या जमीनमूल्यातला वाटा सार्वजनिक तिजोरीत घ्यायचा. हाँगकाँगमध्ये रेल्वे कंपनी स्थानकांवरच्या बांधकामातून कमावते आणि तो पैसा मार्गांत घालते. मूल्य वसूल होतं, पण घरं स्वस्त राहत नाहीत, हेही तिथेच दिसतं. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. आणखी एक गोष्ट: एकच चकचकीत मार्ग बांधला की त्याच्या काठाची जमीन दुर्मीळ होते. शंभर साध्या मार्गांवर फेऱ्या वाढवल्या तर भाववाढ कुठे एका जागी साठत नाही.

महिलांचा प्रश्न वेगळा का धरायचा?

कारण त्यांचा प्रवास वेगळा असतो. घर ते कामाची जागा अशी सरळ रेघ नसते. आधी पाळणाघर, मग काम, परतताना दवाखाना, मग बाजार. छोट्या छोट्या चार फेऱ्या, बऱ्याच दुपारच्या वेळी. वेळापत्रकं सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी आखली जातात, दुपारी गाड्या आगारात जातात. प्रत्येक टप्प्याला नवं तिकीट असेल तर याच प्रवासाला सर्वांत जास्त पैसे पडतात.

दुसरी गोष्ट भीतीची. लाहोरमध्ये एका प्रयोगात नोकरी शोधणाऱ्यांना कामावर नेण्या-आणण्याच्या सोयीचा प्रस्ताव देण्यात आला. फक्त महिलांसाठीची गाडी असेल तेव्हा महिलांच्या अर्जांचं प्रमाण दुपटीहून जास्त वाढलं. स्त्री-पुरुष दोघांसाठी असलेल्या गाडीने जवळपास काही फरक पडला नाही. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींवरच्या एका अभ्यासात दिसलं, की सुरक्षित वाटणाऱ्या रस्त्यासाठी मुली चांगलं महाविद्यालय सोडून गुणवत्तेत बरंच खालचं महाविद्यालय घेतात. मार्कशीटवर जे मिळवलं ते थांब्यावर गमावलं जातं आणि त्याचा फटका पुढच्या सगळ्या पगारांना बसतो. थांब्यावरचा दिवा बंद असणं ही शिक्षणखात्याचीही तक्रार असायला हवी.

शाळकरी मुलांचं काय?

बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. माध्यमिक शाळेतल्या मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटली, असा अभ्यासाचा निष्कर्ष आहे. शाळा तीच होती, शिक्षक तेच. फक्त अंतर लहान झालं. जिथे बस पुरवणं खरोखर अवघड आहे तिथे हा मार्ग विसरू नये.

तोट्यातल्या मार्गावर करदात्याचा पैसा का घालायचा?

रस्त्यालाही तोटाच होतो, पण रस्त्याला तिकीट नसल्यामुळे तो दिसत नाही.

अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये एक गंमत दाखवली. दर २० मिनिटांनी बस असेल तर सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. प्रवासी दुप्पट झाले आणि म्हणून गाड्याही दुप्पट झाल्या, तर थांबणं ५ मिनिटांवर येतं. नवा प्रवासी जुन्या सगळ्यांचा वेळ वाचवतो. म्हणून एकेका तिकिटाचा नफा-तोटा पाहून मार्गाचं मोल कळत नाही. हेच चक्र उलटंही फिरतं. फेऱ्या कापल्या की ज्याला दुसरा पर्याय आहे तो निघून जातो, उत्पन्न घटतं, आणखी फेऱ्या कापल्या जातात. शेवटी बसमध्ये तेच उरतात ज्यांना दुसरा मार्ग नाही आणि मग साहेब म्हणतात, या मार्गाला मागणीच नाही.

अटलांटाच्या दक्षिणेला क्लेटन काउंटी आहे. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाचा मोठा भाग तिच्या हद्दीत येतो. खर्च परवडत नाही म्हणून काउंटीने मार्च २०१० मध्ये आपली बससेवा पूर्ण बंद केली. विमानतळावर झाडलोट करणारे, सामान उचलणारे, हॉटेलांत चादरी बदलणारे काय करणार होते? काही चालू लागले, काही एकमेकांच्या गाडीत दाटीने, काहींचं काम गेलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्याच मतदारांनी स्वतःवर एक टक्का विक्रीकर लावून घेतला आणि अटलांटाच्या ‘मार्टा’ या वाहतूक यंत्रणेत सामील व्हायला मोठ्या बहुमताने होकार दिला.

खासगी कंपन्यांना दिलं तर स्पर्धेतून सेवा सुधारेल ना?

ब्रिटनने १९८५ च्या कायद्याने हा प्रयोग केला. ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये कंपन्यांनीच मार्ग आणि भाडी ठरवायची, असं झालं. गर्दीच्या मार्गावर गाड्यांची रांग लागली. रात्रीच्या, रविवारच्या आणि कडेच्या वस्त्यांच्या फेऱ्यांसाठी नगरपालिकांना वेगळे पैसे मोजावे लागले किंवा त्या बंद झाल्या. ग्रेटर मँचेस्टरने २०२३ पासून मार्ग नि भाडं पुन्हा आपल्या हातात घ्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पूर्ण झालं. गाड्या तिथे आजही खासगी कंपन्याच चालवतात. कुठून कुठे, किती वाजता, किती भाड्यात, हे सार्वजनिक यंत्रणा ठरवते. गाडी कोणाची यापेक्षा वेळापत्रक कोणाचं, हा प्रश्न मोठा आहे.

आणि शेअर टॅक्सी, मिनिबस, जीप यांचं काय? त्या बंद कराव्यात का?

जगातल्या अनेक शहरांत गरिबांची खरी सार्वजनिक वाहतूक तीच आहे. त्या गर्दीच्या आहेत, कधी धोक्याच्याही, पण जिथे सरकारी बस जात नाही तिथे जातात. केनियाची राजधानी नैरोबीत विद्यापीठांनी मिळून ‘मटाटू’ मिनिबसचे सगळे मार्ग फोनच्या मदतीने नोंदवले आणि २०१४ मध्ये त्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. अस्ताव्यस्त वाटणाऱ्या गोष्टीत व्यवस्थित जाळं निघालं. आधी मोजा, मग सुधारा. पर्याय उभा न करता बंदी घातली तर भुर्दंड प्रवाशाला.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा गरिबांना वाहन घ्यायला मदत करा की!

प्रामाणिक उत्तर असं, की जी शहरं गाडी गृहीत धरून पसरली आहेत तिथे वाहन हाती आलं की नोकरी मिळण्याची शक्यता बसपेक्षा जास्त वाढते. अमेरिकेतले अभ्यास हेच सांगतात. नोकरीच्या एका अर्जावर मी ‘स्वतःचं वाहन आहे का?’ हा रकाना पाहिला आहे; काम टेबलावर बसून करायचं होतं. मालकाला वाहनाशी घेणं नव्हतं, वेळेवर येणारा माणूस हवा होता.

पण कर्जाचा हप्ता, इंधन, दुरुस्ती आणि एका अपघातात कोसळणारं बजेट, हे सगळं त्याच कमी पगारातून जातं. शिवाय म्हातारे, अपंग, मुलं आणि ज्यांना चालवता येत नाही ते बाहेरच राहतात. रात्रपाळीच्या किंवा विरळ वस्तीतल्या कामगारांसाठी वाहनाची मदत देणं मला गैर वाटत नाही. दाट शहरात मात्र प्रत्येक नवं वाहन त्याच रस्त्यावर अडकलेल्या बसला आणखी उशीर करतं.

भाडं कधीच वाढवू नये का?

खर्च वाढतो, भाडंही वाढेल. कसं वाढतं ते महत्त्वाचं. चिलीची राजधानी सांतियागोत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोचं गर्दीच्या वेळचं भाडं ३० पेसोंनी वाढलं आणि त्यावरून पेटलेलं आंदोलन देशाच्या राज्यघटनेच्या प्रश्नापर्यंत गेलं. राग तीस पेसोंपुरता नव्हता, हे उघड आहे. पण गर्दीची वेळ टाळणं ज्यांच्या हातात नाही त्यांनाच ‘गर्दीचा दर’ लावला जातो, हेही त्यात होतं. वाढ करायची तर सवलतीचं कार्ड आधी हातात पडलेलं असावं.

आमच्या मार्गाबद्दल परिवहन खात्याकडे जायचं आहे. काय मागावं?

‘सेवा सुधारा’ असं निवेदन दिलं तर पोचपावती मिळते. आकडे मागा. मागच्या तीन महिन्यांत ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती सुटल्या, हा पहिला. वेळापत्रकापेक्षा पाच मिनिटांहून जास्त उशीर किती फेऱ्यांना झाला, हा दुसरा. आणि तो पहाटे ६ च्या आधीच्या आणि रात्री ९ नंतरच्या फेऱ्यांचा वेगळा मागा, नाहीतर दुपारच्या रिकाम्या रस्त्याच्या सरासरीत तुमची पहाट हरवते. बस बदलण्याच्या थांब्यावर दोन गाड्यांमध्ये किती मिनिटं ठेवली आहेत, तेही विचारा.

बरोबर स्वतःची वहीही न्या. दोन आठवडे थांब्यावर उभं राहून कोणती गाडी किती वाजता आली ते लिहिलेली, दोन-तीन जणींच्या अक्षरातली. खात्याचा कागद म्हणतो ४:३०, वही म्हणते ४:३९, ४:३०, आलीच नाही, ४:४४. बोलणं तिथून सुरू करा.